नरक्याची साल घरी आली तर

बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. इरिनोटेकॅन या केमोच्या औषधाची दुसरी सायकल झाली आणि आजऱ्याचा मामा नरक्याच्या सालीची पूड घेऊन आला. "दाजी, सलाईनमधलं तुमचं औषध ह्याच झाडाचं हाय," म्हणाला.

मामा अगदी चुकीचं बोलत नव्हता. मूळ द्रव्य कॅम्पटोथेसिन. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी (हे आपल्या नंदुरबारचे) या रसायनशास्त्रज्ञांनी १९६६ साली ते एका चिनी झाडापासून मिळवलं. पुढे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही ते सापडलं. पण सुरुवातीला रुग्णांना दिलं तेव्हा मूत्राशयाला इजा होऊन लघवीतून रक्त जाऊ लागलं आणि चाचण्या थांबल्या. त्याच रेणूत बदल करून इरिनोटेकॅन झालं. अमेरिकेत त्याला १९९६ साली मान्यता मिळाली. पुडीत तर ते मूळ द्रव्य किती, हेच कळत नाही. वर सलाईनमधून औषध चालूच.

म्हणून कोणी असं काही आणलं तर त्याला दुखवू नका, पण चमचाभरही देऊ नका. पुडी किंवा डबी तशीच पिशवीत घालून पुढच्या तपासणीला न्या. "आयुर्वेदिक चालेल का?" एवढंच विचारलं तर उत्तरही मोघम मिळतं. नाव, कोणता भाग, दिवसाला किती, हे कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. आम्ही तेच केलं.

भाजीतली हळद आम्ही बंद केली नाही. हळदीच्या कॅप्सूल मात्र वेगळ्या. हळदीतलं कर्क्युमिन अंगात नीट शोषलं जात नाही म्हणून त्यांत बऱ्याचदा मिऱ्यातलं पिपेरिन घालतात, आणि यकृत ज्या वाटांनी औषधं बाहेर टाकतं त्याच वाटांत पिपेरिन अडथळा आणू शकतं. 'हळदीने कॅन्सर मरतो' अशी बातमी आली की आधी शोधा: काचेच्या बशीतल्या पेशी, उंदीर की माणूस?

इरिनोटेकॅन सुरू असेल तर त्याहून जास्त लक्ष जुलाबांकडे हवं. ते औषधानंतर काही दिवसांनीही सुरू होतात. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड कधी आणि किती घ्यायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, गोळ्या घरात आणून ठेवा. आम्ही फ्रिजवर वही बांधली होती: वेळ, किती वेळा, किती पाणी प्यायले, ताप. जुलाबासोबत ताप आला तर सकाळची वाट बघू नका. बाबांना आम्ही पहाटे तीनला नेलं होतं.