धायटीच्या शास्त्रीय नावाचा माग कसा काढावा

नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाताना अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या उघड्या, खडकाळ उतारांवर हिवाळा सरता सरता लाल फुलांनी लगडलेले जे झुडूप दिसते, ते बहुधा धायटी असते. त्याच्या नावाचा इतिहास शोधण्यापूर्वी ते धायटीच आहे याची खात्री करावी, कारण ओळख चुकली तर पुढचे सारे परिश्रम भलत्याच वनस्पतीच्या नावावर जमा होतात. पाने समोरासमोर असतात. पान उलटून भिंगाखाली धरले की फिकट पृष्ठावर बारीक काळे ठिपके दिसतात. फुलाची लाल नळी हा निदलपुंज असून खऱ्या पाकळ्या तिच्या तोंडाशी, शोधाव्या लागतील इतक्या लहान असतात आणि पुंकेसर नळीच्या बाहेर आलेले असतात.

ओळख पक्की झाल्यावर आजचे मान्य नाव लेखकांसह उतरवून घ्यावे: वुडफोर्डिया फ्रुटिकोसा (लि.) कुर्झ. अनेक जण शेवटचा भाग अनावश्यक समजून गाळतात. इतिहास मात्र नेमका तिथेच दडलेला असतो. सातबाऱ्यावरून जुन्या फेरफारापर्यंत मागे जावे, तसे या कंसावरून मागे जाता येते. कंसातील ‘लि.’ म्हणजे लिनिअस, ज्याने प्रजातीला पहिले नाव दिले, आणि कंसाबाहेरचा कुर्झ म्हणजे ती प्रजाती आजच्या कुळात आणणारा. (येथे ‘कूळ’ हा शब्द जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट, या अर्थी वापरला आहे.)

आता त्या पहिल्या नावाकडे, म्हणजे बेसिओनिमकडे जावे. लिनिअसने धायटीला ‘लिथ्रम फ्रुटिकोसम’ म्हटले आणि ते नाव ‘सिस्टेमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीत प्रसिद्ध झाले. येथे वर्षाची हमखास गफलत होते. या आवृत्तीचे साल प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत 1758 असे दिलेले असते, परंतु तो प्राण्यांचा पहिला खंड होय. वनस्पतींचा खंड 1759 मध्ये निघाला, आणि आपल्याला तेच वर्ष हवे. ग्रंथाच्या वर्षापेक्षा त्या पानाच्या प्रकाशनाचे वर्ष पाहण्याची सवय ठेवावी, विशेषतः रॉक्सबर्गच्या कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथासारख्या, 1795 पासून पुढे पंचवीस वर्षे भागाभागाने निघत राहिलेल्या ग्रंथांच्या बाबतीत.

पुढची पायरी कुळाची. ‘वुडफोर्डिया’ हे कूळ इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ सॅलिसबरी याने 1806 मध्ये स्थापन केले. मात्र त्यात धायटीला त्याने ‘फ्लोरिबंडा’ हे नवेच प्रजातिनाम दिले. लिनिअसचे प्रजातिनाम आधीचे होते आणि नव्या कुळात वापरता येण्याजोगे होते, त्यामुळे अग्रक्रमाच्या नियमापुढे ‘फ्लोरिबंडा’ टिकू शकत नव्हते. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात काम करणाऱ्या कुर्झने 1871 मध्ये सॅलिसबरीचे कूळ आणि लिनिअसचे प्रजातिनाम एकत्र आणले. लिथ्रम हे नपुंसकलिंगी, तर वुडफोर्डिया हे स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘फ्रुटिकोसम’चे ‘फ्रुटिकोसा’ झाले. केवळ शेवटचे अक्षर बदललेले दिसले तर ते वेगळे नाव समजू नये.

यानंतर समानार्थी नावांची यादी करावी. रॉक्सबर्गचे ‘ग्रिस्लिया टोमेंटोसा’ हे नाव तीत येते. यादीत तीन आडव्या रेघांचे चिन्ह असेल तर ती नावे एकाच नमुन्यावर, म्हणजे ज्याला ते नाव कायमचे जोडलेले असते त्या जपून ठेवलेल्या वनस्पतीवर, आधारलेली असतात. दोन रेघा असतील तर नमुने वेगळे असून ते एकाच प्रजातीचे आहेत हे कुणा अभ्यासकाचे मत असते. हा फरक मला वर्षांच्या पाठांतरापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो, कारण मत उद्या बदलू शकते, नमुना बदलत नाही.

रद्द झालेली नावे टाकून देऊ नयेत. कुर्झच्या दुरुस्तीनंतरही हूकर यांच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’त आणि मुंबई इलाख्याच्या कुकलिखित ग्रंथात ‘वुडफोर्डिया फ्लोरिबंडा’ हेच नाव वापरले गेले, आणि धातकीपुष्पांचा, म्हणजे धायटीच्या फुलांचा, उपयोग आसव-अरिष्टांत सांगणाऱ्या कित्येक आयुर्वेदविषयक पुस्तकांतही ते भेटते. जुन्या वनस्पतिसंग्रहांतील नमुने शोधताना दोन्ही नावे घालून पाहावीत. नाशिक जिल्ह्यापुरते पाहायचे असल्यास भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने 1991 मध्ये प्रसिद्ध केलेला जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ हा चांगला आधार आहे. आंतरराष्ट्रीय वनस्पती नाम सूची आणि क्यू उद्यानाची माहितीसूची घरबसल्या उघडता येते, तरीही जैवविविधता वारसा ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मूळ पान उघडून पाहिल्याशिवाय कोणतेही वर्ष लिहू नये, कारण एका सूचीतील चूक दुसरीत जशीच्या तशी उतरते.

ही रीत अंगवळणी पडली की कारवी घ्यावी. तिच्यात एक वेगळा पेच आहे. तिचे मान्य नाव ‘स्ट्रॉबिलँथस कॅलोसा नीस’ असे, कंसाविना आहे. त्यावरून नाव कधी हललेच नाही असे वाटेल. प्रत्यक्षात नीसने 1832 मध्ये दिलेल्या या नावावरून डच अभ्यासक ब्रेमेकॅम्प याने 1944 मध्ये ‘कार्व्हिया कॅलोसा’ केले, तेव्हा नीस कंसात गेला. ‘कार्व्हिया’ हे कूळनाम तर आपल्या कारवीवरूनच घेतलेले. पुढे हे विभाजन अमान्य होऊन प्रजाती पूर्वीच्या कुळात परतली आणि कंस गळून पडला. म्हणून कंस दिसला नाही तरी समानार्थी नावांची यादी तपासावीच, आणि आपल्या टिपणात मान्य नावाशेजारी ते कोणत्या सूचीत, कोणत्या तारखेला पाहिले हेही नोंदवावे.