क्लाउडवरून उडालेली फाइल परत कशी मिळवायची

सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. नेमकं त्याच सुमारास मुंबईतल्या एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या लक्षात येतं, की मागच्या सभेचं इतिवृत्त आणि पार्किंगची यादी असलेलं फोल्डर गूगल ड्राइव्हवर दिसत नाही. कोणी उडवलं यावर मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्रभर चर्चा रंगते. ती नंतरही करता येईल. आधी दोन गोष्टी कळायला हव्यात: फाइल कधी गेली आणि ती कोणाच्या मालकीची होती. परत मिळेल की नाही, हे बहुतेक वेळा या दोन उत्तरांवर ठरतं.

आधी हात थांबवा

‘स्टोरेज भरलं आहे’ अशी सूचना येत असली, तरी शोध संपेपर्यंत ट्रॅश, म्हणजे डिलीट केलेल्या फाइली जिथे जाऊन पडतात ती जागा, रिकामा करू नका. हातची संधी घालवण्याचा सर्वात सोपा मार्ग तोच आहे.

कॉम्प्युटरवर गूगल ड्राइव्ह किंवा मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हचं अॅप चालू असेल, तर सिंक थांबवा. स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळाजवळ असलेल्या अॅपच्या चिन्हावर क्लिक करा, दातेरी चाकाच्या चिन्हातून सेटिंग्ज उघडा आणि ‘पॉज सिंकिंग’ निवडा. वनड्राइव्हमध्ये २, ८ किंवा २४ तास असे पर्याय मिळतात. सिंक हा बॅकअप नसतो. एका ठिकाणी जे घडतं ते दुसऱ्या ठिकाणी जसंच्या तसं उमटवणं, एवढंच त्याचं काम. ऑफिसच्या पीसीवर एखादं फोल्डर डिलीट केलं, की ते क्लाउडवरून जातं आणि घरच्या लॅपटॉपवरूनही जातं. पीसीत व्हायरस शिरून फाइली बिघडल्या, तर बिघडलेल्या फाइलीही तितक्याच इमानदारीने वर चढतात.

खरंच डिलीट झाली आहे का?

हरवलेल्या बऱ्याच फाइली प्रत्यक्षात जागेवरच असतात, आपण शोधत असतो भलतीकडे. उजव्या वरच्या कोपऱ्यातल्या गोल फोटोवर क्लिक करून कुठलं खातं उघडलं आहे ते पाहा. घरचं, ऑफिसचं आणि मुलाच्या कॉलेजचं अशी तीन खाती एकाच ब्राउझरमध्ये असतील, तर हा घोळ हमखास होतो.

मग ज्या फोल्डरमध्ये फाइल होती ते निवडून, वर दिसणाऱ्या ‘आय’ या चिन्हावरून ‘अॅक्टिव्हिटी’ उघडा. कोणी कोणती फाइल हलवली, नाव बदललं किंवा काढून टाकली, ते तारखेसह दिसतं. बऱ्याचदा फाइल चुकून शेजारच्या फोल्डरमध्ये ओढली गेलेली असते.

आणखी एक प्रकार सामायिक फोल्डरांत होतो. फोल्डर एकाचं आणि आतली फाइल दुसऱ्याची असेल, तर फोल्डर डिलीट झालं तरी ती फाइल नष्ट होत नाही. तिचा ठावठिकाणा तेवढा हरवतो. अशी फाइल शोधायला ती ज्याच्या मालकीची आहे त्याने स्वतःच्या ड्राइव्हच्या सर्चमध्ये ‘is:unorganized owner:me’ असं टाइप करावं. टाइप करताना अक्षरं इंग्रजीच हवीत आणि कोलनच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही.

गूगल ड्राइव्ह: ३० दिवसांच्या आत

१. ब्राउझरमध्ये ड्राइव्ह उघडून डावीकडच्या यादीतून ‘ट्रॅश’ उघडा. काही ठिकाणी त्याचं नाव ‘बिन’ असतं. फोनवर हे अॅपच्या तीन आडव्या रेघांखाली सापडतं. जमेल तर हे काम कॉम्प्युटरवरच करा, यादी चाळणं सोपं जातं.

२. यादी डिलीट झाल्याच्या तारखेप्रमाणे लावा. नाव आठवत असेल तर सर्चच्या फिल्टरमध्ये ‘इन ट्रॅश’वर खूण करून शोधा.

३. फाइल दिसत नसेल, तर ती ज्या फोल्डरमध्ये होती ते शोधा. अख्खं फोल्डर डिलीट झालं असेल, तर ट्रॅशमध्ये फक्त फोल्डरचं नाव येतं, आतल्या फाइली सुट्या दिसत नाहीत. ‘ट्रॅशमध्येही नाही’ म्हणून लोक हात टेकतात, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

४. राइट क्लिक करून ‘रिस्टोअर’ निवडा. फाइल जिथून गेली तिथेच परत जाते. मूळ फोल्डरच शिल्लक नसेल, तर ‘माय ड्राइव्ह’मध्ये पाहा.

ट्रॅशमध्ये पडल्यापासून ३० दिवसांनी फाइल आपोआप कायमची जाते. हा नियम ऑक्टोबर २०२० पासूनचा आहे. त्याआधी ट्रॅशमधला माल वर्षानुवर्षं तसाच पडून राहायचा, म्हणून जुन्या सवयीने ‘असेल पडलेली’ असं समजू नका.

आता मालकीचा भाग. तुमच्याशी शेअर केलेली फाइल तुम्ही डिलीट केलीत, तर ती फक्त तुमच्या नजरेआड होते, मालकाकडे सुखरूप असते. मालकाने डिलीट केली, तर ती त्याच्या ट्रॅशमध्ये जाते, तुमच्या नाही. तुमचा ट्रॅश कितीही उपसलात तरी ती मिळायची नाही. पण मालकाच्या ट्रॅशमधून ती कायमची जाईपर्यंत, ज्यांच्याशी शेअर केली होती त्यांना ती उघडता येते. म्हणून जुनी लिंक शोधा: व्हॉट्सअॅप ग्रुपवर, ईमेलमध्ये, ब्राउझरच्या हिस्टरीत. लिंक चालली तर लगेच ‘मेक अ कॉपी’ करा किंवा फाइल उतरवून घ्या, आणि मगच मालकाला फोन लावा.

फोटो

गूगल फोटोजचे नियम वेगळे आहेत. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवस. त्यानंतर, किंवा ट्रॅश हाताने रिकामा केल्यावर, तो परत मिळवण्याची सोय नाही.

फोनमध्ये जागा नाही म्हणून फोटोज अॅपमधून फोटो डिलीट करणं ही नेहमीची गफलत. त्या अॅपमधलं डिलीट फोनलाही लागू होतं आणि क्लाउडलाही. फक्त फोन मोकळा करायचा असेल, तर ‘फ्री अप स्पेस’ वापरा. तो पर्याय क्लाउडवर पोचलेल्या फोटोंचीच फोनमधली प्रत काढतो. आयफोनवर आयक्लाउड फोटोज चालू असेल, तर फोटो सगळ्या उपकरणांवरून जातो आणि ‘रीसेंटली डिलीटेड’ अल्बममध्ये ३० दिवस राहतो.

वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, आयक्लाउड

वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात रीसायकल बिनमधली फाइल ३० दिवस राहते. बिन फार भरलं, तर जुन्या फाइली ३ दिवसांनंतरही जाऊ शकतात. ऑफिस किंवा कॉलेजच्या खात्यात मुदत ९३ दिवसांची असते आणि बिनचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यातून काढलेली फाइल दुसऱ्यात जाते. मात्र ९३ दिवस दोन्ही टप्पे मिळून धरायचे. पीसीच्या रीसायकल बिनमध्ये फाइल नसेल तर घाबरू नका. फक्त ऑनलाइन असलेली फाइल तिथे येतच नाही, वनड्राइव्हच्या वेबसाइटवरचं बिन उघडावं लागतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ चं सशुल्क खातं असेल, तर सेटिंग्जमधल्या ‘रिस्टोअर युअर वनड्राइव्ह’ने अख्खं वनड्राइव्ह मागच्या ३० दिवसांतल्या एखाद्या क्षणापर्यंत मागे नेता येतं. व्हायरसने शेकडो फाइली बिघडवल्या, तर एकेक फाइल वेचत बसण्यापेक्षा हेच करावं.

ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यात मुदत ३० दिवस. आयक्लाउड ड्राइव्हचेही ३० दिवस. फोनवर फाइल सापडली नाही, तर ब्राउझरमधून आयक्लाउडच्या वेबसाइटवर ‘डेटा रिकव्हरी’ पाहा. तिथे फाइलींसोबत कॉन्टॅक्ट्स आणि कॅलेंडरही मागे नेता येतात.

फाइल आहे, पण आतला मजकूर गेला

मेंटेनन्सच्या शीटवर कोणीतरी नवीन आकडे चढवले, तर ट्रॅशमध्ये शोधून काहीच मिळणार नाही. गूगल डॉक्स किंवा शीट्समध्ये ‘फाइल’, मग ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडा, योग्य तारखेची आवृत्ती निवडा आणि ‘रिस्टोअर’ करा. रिस्टोअर करण्याआधी सध्याच्या शीटची प्रत काढून ठेवा, म्हणजे नंतर भरलेल्या चांगल्या नोंदी तिच्यातून सहज परत आणता येतील.

एक्सेल, वर्ड किंवा पीडीएफ ड्राइव्हवर चढवलेलं असेल, तर राइट क्लिक करून ‘फाइल इन्फर्मेशन’मधून ‘मॅनेज व्हर्जन्स’ उघडा. इथे जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या होईपर्यंतच राहतात. महत्त्वाच्या आवृत्तीवर ‘कीप फॉरएव्हर’ लावून ठेवा. ऑडिटला दिलेल्या ताळेबंदाला तर लावाच.

ट्रॅशही रिकामा झाला असेल तर

ऑफिसचं गूगल वर्कस्पेस खातं असेल, तर अजून दार उघडं आहे. ट्रॅशमधून कायमची गेल्यापासून २५ दिवसांच्या आत अॅडमिन ती फाइल परत आणू शकतो. अॅडमिन कन्सोलमध्ये त्या व्यक्तीचं नाव, ‘रिस्टोअर डेटा’, तारखांची मर्यादा, एवढंच काम आहे. त्यामुळे आयटीवाल्यांना ‘सवडीने’ सांगू नका. नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचं अख्खं खातंच काढलं असेल, तर ते परत चालू करायला अॅडमिनकडे २० दिवस असतात.

वैयक्तिक जीमेल खात्यासाठी ड्राइव्हच्या हेल्प विभागात फाइल परत मिळवण्याच्या विनंतीची सोय आहे. फाइल तुम्ही तयार केलेली, अपलोड केलेली किंवा तिची मालकी स्वीकारलेली असली पाहिजे. ती मिळेलच याची हमी नाही, पण विनंती करायला पैसे लागत नाहीत. मात्र ‘गूगल कस्टमर केअर’चा नंबर सर्चमध्ये शोधून फोन लावू नका. असे खोटे नंबर लोकांना जाळ्यात ओढण्यासाठीच पेरलेले असतात. समोरचा ओटीपी मागू लागला किंवा स्क्रीन शेअर करणारं अॅप टाकायला सांगू लागला, तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या डेटा रिकव्हरीवाल्यांचा उपयोग इथे मर्यादित आहे. ते हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड यांतून फाइली काढतात, गूगलच्या सर्व्हरला कोणी हात लावू शकत नाही. फाइलची प्रत पूर्वी पीसीच्या डिस्कवर असेल, तरच तिकडे जाण्यात अर्थ. त्या डिस्कवर नवीन काही टाकू नका, मशीन बंद करूनच न्या. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर आशा बरी असते. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवरची डिस्क असेल, तर ती डिलीट झालेली जागा स्वतःच साफ करत असते, त्यामुळे हाती फारसं लागत नाही.

सरकारी कागद असेल, तर इतकी धावपळ कशाला? वाहन परवाना किंवा गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्याकडून पुन्हा घेता येते, आणि तिथली जारी केलेली प्रत कायद्याने मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे.

जागा करताना काय उडवायचं

गूगलची मोफत १५ जीबी जागा ड्राइव्ह, जीमेल आणि फोटोज मिळून असते, आणि ट्रॅशमधल्या फाइलीही त्यात मोजल्या जातात. म्हणून लोक घाईने आधी ट्रॅशवर हात चालवतात. त्याऐवजी ड्राइव्हमध्ये डावीकडच्या ‘स्टोरेज’वर क्लिक करा, सगळ्या फाइली आकाराप्रमाणे लागतात. वरचे दहा-पंधरा व्हिडिओच बहुतेक जागा खात असतात. अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपचा बॅकअपही याच १५ जीबीत धरला जातो, त्यातून व्हिडिओ वगळले की बरीच जागा सुटते. ट्रॅश सगळ्यात शेवटी, आणि तोही एकदा वरपासून खालपर्यंत वाचूनच.

पुढच्या सेक्रेटरीसाठी

सोसायटीचे किंवा गणेशोत्सव मंडळाचे कागद कोणाच्याही वैयक्तिक जीमेलवर ठेवू नका. संस्थेच्या नावाचं वेगळं खातं काढा आणि त्याचा रिकव्हरी फोन समिती बदलली की बदला. जुन्या सेक्रेटरींच्या खात्यात असलेल्या फाइलींच्या शेअर चौकटीत संस्थेच्या खात्याचं नाव घाला आणि त्यापुढे ‘ट्रान्सफर ओनरशिप’ निवडा. वैयक्तिक खात्यांमध्ये समोरच्याने ईमेलमधून होकार दिल्याशिवाय मालकी बदलत नाही, तेव्हा तो होकार तिथल्या तिथे देऊन टाका. २ वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गूगल खातं आतल्या डेटासकट काढलं जाऊ शकतं, म्हणून संस्थेच्या खात्यात अधूनमधून लॉगिन करत राहा.

दुसरी प्रत गूगल टेकआउटमधून, म्हणजे खात्यातला डेटा उतरवून देणाऱ्या गूगलच्याच सोयीतून, काढता येते. दर दोन महिन्यांनी वर्षभर आपोआप तयार होईल अशी सोय त्यात आहे. मात्र उतरवून घेण्याची लिंक साधारण आठवडाभरच चालते, तेवढ्यात ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायची. ती डिस्क तळमजल्यावरच्या सोसायटी ऑफिसच्या खालच्या खणात ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि मुंबईतल्याच सखल हिंदमाता भागात पाणी तुंबायला त्याच्या पाव हिश्शाचीही गरज लागत नाही. डिस्क वरच्या मजल्यावरच्या एखाद्या सभासदाकडे, सिलिका जेलची पुडी टाकलेल्या हवाबंद डब्यात द्या, आणि कोणाकडे दिली ते इतिवृत्तात लिहा.