उतारा वाढला, वजन घटलं

कोल्हापूरची मुलगी पाइनवर काम करते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "इथं कुठं आलेत पाइन?" प्रश्न बरोबरच आहे. आपल्या सह्याद्रीत रानात आपसूक वाढणारा पाइन नाही. दक्षिण भारतात मूळची म्हणावी अशी सूचीपर्णी (पाइनसारखी, फुलांऐवजी शंकू धरणारी) जात एकच, नागेइया वालिचियाना, तीही पार दक्षिणेकडच्या घाटांत. इथं बंगल्यांच्या आवारात ख्रिसमस ट्री म्हणून लावलेला अरौकारिया आणि कुंपणाला मोरपंखी, एवढीच आपली ओळख. आणि सुरूला कृपा करून सूचीपर्णी म्हणू नका. पानं सुईसारखी दिसतात म्हणून एमएस्सी झालेली मुलंही फसतात, पण सुरू सपुष्प वनस्पती आहे.

तरीही या विषयात यायचं असेल तर या. मी करवीर तालुक्यातल्या उसाच्या घरातून आले, एमएस्सी बॉटनी कोल्हापुरात केली आणि प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून उत्तराखंडात गेले. उष्णता आणि दुष्काळ यांनी चीर पाइनच्या रोपांची संरक्षणव्यवस्था कशी बदलते, हा विषय होता. पहिलं वर्ष इतकं वाईट गेलं की आजही त्या वह्या उघडताना पोटात गोळा येतो. हे लिहितेय ते त्या वर्षासाठी.

झायलेम, स्टोमाटा वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालते. राळेबद्दल मात्र दोन शब्द, कारण आपल्याकडे झाडातून चिकट काही आलं की त्याला सरसकट डिंक म्हणतात. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, पाइनची राळ विरघळत नाही. कुमाऊँत तिला लीसा म्हणतात. हाताला लागली की साबणाने निघत नाही, मी खोबरेल तेल चोळून काढायचे. ती टर्पीन्सची बनलेली असते: उडून जाणारी हलकी मोनोटर्पीन्स आणि मागे उरणारी जड रेझिन आम्लं. सालीत पोखरणारा भुंगेरा शिरला की नलिकांमधली राळ दाबाने बाहेर येते, त्याला ढकलते, त्याच्याबरोबर आलेल्या बुरशीला अडवते आणि मग घट्ट होऊन भोक बुजवते. भुंगेरे गंधाने एकमेकांना बोलावून हजारोंनी चढले की हे सगळं अपुरं पडतं. २०१८ च्या दुष्काळानंतर जर्मनी आणि चेकियात स्प्रूसची (हे पाइनच्याच कुळातलं झाड) जंगलंच्या जंगलं अशी वाळून गेली.

आता दुष्काळ. नवख्यांचा गोंधळ इथंच होतो, कारण एक शोधनिबंध म्हणतो पाणी तोडल्यावर राळ वाढली, दुसरा म्हणतो घटली. दोन्ही खरे असू शकतात. पाणी थोडं कमी पडलं की आधी वाढ थांबते, प्रकाशसंश्लेषण बऱ्यापैकी चालू राहतं. साखर तयार होते पण खर्चायला नवी फांदी नाही, म्हणून ती संरक्षणाकडे वळते. दुष्काळ लांबला की स्टोमाटा, म्हणजे पानांवरची छिद्रं, बंद, साखरच बनत नाही, आणि मग राळेलाही काही उरत नाही. हर्म्स आणि मॅटसन यांनी १९९२ साली ही वाढ की संरक्षण अशी मांडणी सविस्तर केली. ती आधी वाचा. आणि "आठवड्यातून एकदा पाणी" हे दुष्काळाचं माप नाही. पहाटे, सूर्य उगवायच्या आत, प्रेशर चेंबरवर सुईचं जलविभव, म्हणजे आतलं पाणी किती ताणाखाली आहे ते, मोजा. पहाटे साडेचारला उठायची तयारी नसेल तर हा विषय घेऊ नका.

आता माझी चूक. ही सावकाश वाचा.

आमच्याकडे चार गट होते: नेहमीचं पाणी, दुष्काळ, उष्णता आणि दोन्ही एकत्र. शेवटी सुया तोडल्या, टर्पीन्स काढले, जीसी-एमएसवर (रसायनं वेगळी करून ओळखणारं आणि मोजणारं यंत्र) चालवले. दुष्काळाच्या रोपांत दर ग्रॅमला टर्पीन्स जास्त आले. मी हरखले. "दुष्काळामुळे संरक्षण बळकट होतं" अशी स्लाइड केली. आढावा बैठकीत एका ज्येष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी शांतपणे विचारलं, "पूर्ण रोपात किती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सुयांचं एकूण वजन घेतलंच नव्हतं. खोडं आणि मुळं कंपोस्टच्या खड्ड्यात गेली होती. प्रयोगाआधी मी ज्यांना विचारलं होतं त्यांनी सांगितलं होतं, कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे दर ग्रॅमला किती, एवढं पुरतं, सगळे तेच देतात. मी विश्वास ठेवला. सात महिने गेले.

समजा पाणी मिळालेल्या रोपाच्या सुयांचं कोरडं वजन २० ग्रॅम आणि दर ग्रॅमला टर्पीन्स ५ मिलिग्रॅम. एकूण १०० मिलिग्रॅम. दुष्काळाच्या रोपाचं वजन १२ ग्रॅम, दर ग्रॅमला ७ मिलिग्रॅम. एकूण ८४. कॉन्सन्ट्रेशन ४० टक्के वाढलं आणि रोपाकडची एकूण शिदोरी १६ टक्के घटली. रोपाने जास्त काही बनवलंच नाही, ते खुजं राहिलं म्हणून आकडा फुगला. ओल्या वजनावर हिशोब केला तर आणखी पंचाईत, कारण नुसतं पाणी उडालं तरी आकडा वर जातो.

हे मला खऱ्या अर्थाने समजलं ते घरी. दिवाळीला आले तेव्हा हंगाम सुरू होत होता. पाऊस लवकर गेलेला, खोडव्याचा ऊस बोटाएवढा. मी आबांना माझं रडगाणं सांगितलं. ते मोळी बांधत होते, वर न बघता म्हणाले, "उतारा वाढला म्हंजे साखर वाढली व्हय गं? आदी काट्यावर वजन बघ की. वाळल्या उसाचा रस गोडच लागतोय, पर टनेज कुठाय?" उतारा म्हणजे उसातून शेकडा किती साखर निघते, टनेज म्हणजे एकूण ऊस किती. अख्खं बालपण मी हे दोन शब्द रोज ऐकत वाढले होते. प्रयोगशाळेत गेल्यावर तेच विसरले.

पण याचा अर्थ कॉन्सन्ट्रेशन निरुपयोगी असाही नाही. सुई कुरतडणाऱ्या अळीला घासागणिक किती विष मिळतं याच्याशी मतलब, तिथं दर ग्रॅमचा आकडाच कामाचा. साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला मात्र भोकातून राळ किती आणि किती जोराने वाहते ते महत्त्वाचं. तो जोर येतो नलिकेच्या अस्तरपेशींत पाणी भरल्याने. झाड तहानलेलं असेल तर नलिकेत राळ असूनही ती बाहेर येत नाही, टाकी भरलेली पण नळाला दाब नाही तसं. म्हणजे मापं तीन: दर ग्रॅम किती, एकूण किती, वाहते किती. आपला प्रश्न यातल्या कुठल्या मापाचा आहे हे प्रयोगाआधी वहीत लिहा. आणि काहीही फेकू नका. खोड, मुळं, गळालेल्या सुया, सगळ्याचं वजन घ्या.

उष्णतेचं थोडक्यात सांगते. तापमान वाढवलं की हवेची तहान वाढते. २५ अंशाला हवा जास्तीत जास्त साधारण ३.१७ किलोपास्कल बाष्प धरते, ३५ अंशाला ५.६२. सापेक्ष आर्द्रता दोन्हीकडे ५० टक्के असली तरी बाष्पदाबातली तूट, म्हणजे हीच तहान, १.६ वरून २.८ वर जाते. म्हणून उष्णतेच्या गटातल्या कुंड्या लवकर वाळतात, आणि तुम्ही ज्याला उष्णतेचा परिणाम म्हणता तो गुपचूप दुष्काळाचा निघतो. कुंड्या रोज वजन करून पाणी भरा. दुसरं, भर दुपारी पाइनच्या रानात जो वास दरवळतो तो म्हणजे झाडाची मोनोटर्पीन्स हवेत निघून चाललेली असतात, आणि तापमानाबरोबर हे उडणं झपाट्याने वाढतं. त्याच कारणाने टर्पीन्ससाठीचा नमुना ओव्हनमध्ये वाळवायचा नाही. तोडल्याबरोबर द्रव नायट्रोजनमध्ये टाका. कोरड्या वजनासाठी वेगळा नमुना घ्या.

गाइडबद्दल माझं मत ठाम आहे. मोठ्या नावाच्या मागे जाऊ नका. रोपवाटिकेत स्वतः येऊन कुंडीत बोट घालून माती बघणारा गाइड निवडा. भेटायला गेलात की त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा, शेवटचं सर फील्डवर कधी आले होते? जीसी-एमएस चालवणाऱ्या तंत्रज्ञांशी नीट वागा, मला निम्मं त्यांनीच शिकवलं. पैसे देऊन स्टॅटिस्टिक्स करून घ्यायचा शॉर्टकट तर अजिबात नको. दुसऱ्याने काढलेल्या आकड्यावर बैठकीत तुम्हालाच उभं राहायचं असतं.

नेट-जेआरएफ (संशोधनवृत्तीची परीक्षा) नसेल तर दार बंद, असं मात्र समजू नका. मी दुसऱ्या प्रयत्नात पास झाले, प्रोजेक्टवर काम करत असतानाच. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत वानिकीचं एमएस्सीही करता येतं. इंग्रजी अडखळतं म्हणून मागे राहू नका, माझं अजून अडखळतं. दुसरा प्रयोग मी पहिल्यापासून केला आणि तो नीट झाला. सात महिने गेले म्हणून कुणी संपत नाही, त्या दिवसांत तसं वाटतं खरं.

सुरुवात कोल्हापुरात, आजच करता येईल. मोरपंखीची एक छोटी डहाळी तोडा, लगेच वजन घ्या. रात्रभर पाण्यात ठेवून, टिपून, पुन्हा वजन. मग ७० अंशाला दोन दिवस वाळवून तिसरं वजन. ताज्यातून कोरडं वजा करा, फुगलेल्यातून कोरडं वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा, १०० ने गुणा. ही सापेक्ष जलमात्रा, म्हणजे डहाळीत मावेल त्या पाण्यापैकी किती टक्के आत होतं ते. उत्तर १०० च्या वर आलं तर घाबरू नका. पावसात तोडलेली डहाळी पहिल्या वजनाआधी टिपायची राहिलेली असते.