कपाशीच्या नाल्यातल्या गाळातून क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक फोडणारे जिवाणू

पोळ्यानंतर, फवारण्या होऊन नाल्याचं पाणी ओसरलं की वरचा ५ सेंमी गाळ निर्जंतुक चमच्याने काढा आणि बर्फात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत न्या.

१०० मिली खनिज-क्षार माध्यमाला (नुसतं क्षारांचं पाणी, जिवाणूंना दुसरं अन्न नाही) ५ ग्रॅम गाळ आणि लिटरला ५० मिग्रॅ क्लोरपायरिफॉस. फसगत इथेच होते. औषध ॲसिटोनमध्ये विरघळवून थेट ओतलं की जिवाणू ॲसिटोनवरच ताव मारतात. म्हणून द्रावण रिकाम्या निर्जंतुक फ्लास्कमध्ये टाका, ॲसिटोन पूर्ण उडू द्या, मगच माध्यम ओता. कृषी केंद्रातली बाटली नकोच, तिच्यातही द्रावक असतो.

३० अंशांवर, मिनिटाला १५० फेऱ्यांनी ७ दिवस हलवा. मग ५ मिली नव्या फ्लास्कमध्ये, असं चारदा. सोबत तुलनेसाठी ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाच्या वाफेने निर्जंतुक केलेल्या) गाळाचा फ्लास्क हवाच: आपली काळी माती अल्कधर्मी, त्यात हे औषध आपोआपही फुटतं. वाढ मध्येच खुंटली तर टीसीपी साचलं समजा. औषध फुटून बनणारं हे रसायन जिवाणूंनाच मारक. मात्रा २० मिग्रॅवर आणा.

एकेक वसाहत (एका जिवाणूपासून वाढलेला ठिपका) वेगळी करून तिचं १६एस जनुक, म्हणजे जिवाणूंची ओळख पटवणारं जनुक, वाचून घ्या. ज्ञात प्रजातींशी साम्य ९८.७ टक्क्यांखाली असेल तर नवी प्रजाती असू शकते; पुढे पूर्ण जनुकसंच तपासावा लागेल.