‘डार्क’ या इंग्रजी शब्दासाठी नेमका मराठी शब्द कसा शोधावा

इंग्रजी–मराठी कोशात ‘डार्क’ काढला की अंधारा, काळा, गडद, गूढ, खिन्न, दुष्ट अशी रांगच समोर येते. त्यातला एकही अर्थ चुकीचा नसतो. फक्त तुमच्या वाक्यात त्यातला कोणता बसेल, ते कोश सांगत नाही. शिवाय मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी–मराठी कोश १८४७ साली आला, तेव्हा डार्क मॅटर नव्हतं आणि फोनमधला डार्क मोडही नव्हता. भाषांतर करणारे, उपशीर्षकं लिहिणारे, मुलांचा इंग्रजीचा अभ्यास घेणारे आईबाबा, सगळ्यांना उपयोगी पडेल अशी एक रीत खाली दिली आहे.

आधी विचारा: इथे काय नाही?

‘डार्क’ हा बहुतेक वेळा कशाच्या तरी अभावाचा शब्द आहे. कधी उजेड नाही, कधी रंगात फिकेपणा नाही, कधी माहिती नाही, कधी आशा नाही, कधी सरळपणा नाही. वाक्य वाचून यातलं काय नाही ते ठरवा आणि मगच मराठी शब्दाकडे वळा. कोशातला पहिला अर्थ उचलून वाक्यात डकवण्याची सवय इथेच सुटते.

उजेड नसेल तर किती नाही ते बघा

मराठीची खरी श्रीमंती इथे आहे, म्हणून या पायरीवर जरा रेंगाळायला हरकत नाही.

अंधार आणि काळोख हे दोन रोजचे शब्द. देशावर बोलण्यात अंधार जास्त, कोकणात आणि गोव्यात काळोख. पात्र मालवणचं असेल आणि ते ‘अंधार पडला’ म्हणत असेल, तर कान टवकारा. अंधकार पुस्तकी आहे. भाषणात आणि अग्रलेखात शोभतो, जिन्यावरचा बल्ब गेल्यावर नाही. तिमिर पसायदानामुळे घराघरात माहीत आहे, पण ‘खोलीत तिमिर होता’ असं कुणी म्हणत नाही. आयुर्वेदात तर तिमिर हे एका नेत्ररोगाचं नाव आहे, तेव्हा वैद्यकीय मजकुरात हा शब्द दिसला तर आणखी सावध. तम हा समासात रमणारा शब्द: तमोगुण, तमोयुग.

मग येते तीव्रता. इंग्रजीत ‘पिच डार्क’ म्हणतात, पिच म्हणजे डांबर. ‘डांबरासारखा अंधार’ लिहायची काही गरज नाही. मिट्ट काळोख आहे, काळाकुट्ट अंधार आहे, गुडूप अंधार आहे. रातकिडे ओरडत असतील तर किर्र रात्र म्हणा, कारण त्यात आवाजही आला. आणि डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार तर आपल्या आज्यांनी कधीचा सांगून ठेवला आहे. यातला एकच घ्या. ‘मिट्ट काळाकुट्ट गर्द अंधार’ लिहिला की वाचकाला अंधार दिसत नाही, लेखक दिसतो.

उजेड थोडा असेल तर इंग्रजीत ‘डिम’, ‘मर्की’, ‘ग्लूमी’ असे शब्द येतात. दिवा डिम असेल तर तो मिणमिणता किंवा मंद. दिसणंच धड नसेल तर अंधुक. पाणी मर्की असेल तर ते गढूळ. अंधाराशी त्याचा काही संबंध उरत नाही. दिवस ग्लूमी असेल तर आभाळाकडे बघा: मळभ आलंय, झाकोळलंय, अंधारून आलंय. जूनमध्ये भर दुपारी घरात दिवे लावावे लागतात, तेव्हा ‘अंधारून आलंय’ला पर्याय नाही.

‘डस्क’ आणि ‘ट्वायलाइट’ यांचा घोळ नेहमीचा. खगोलशास्त्रात संधिप्रकाशाच्या तीन पायऱ्या मोजतात. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत नागरी संधिप्रकाश, १२ अंशांपर्यंत नाविक आणि १८ अंशांपर्यंत खगोलीय. त्यानंतर खरी रात्र. शास्त्रीय लेखात संधिप्रकाश हाच शब्द हवा आणि तो पहाटेलाही लागू होतो, हे विसरू नका. गोष्टीत मात्र वेळेबरोबर भावही बघावा लागतो. तिन्हीसांजा म्हटलं की घरातल्यांची लगबग येते आणि ‘आता केर काढू नको’ अशी तंबीही येते. कातरवेळ म्हटलं की हुरहुर येते. ‘आफ्टर डार्क’ला ‘दिवेलागणीनंतर’ किती छान बसतं, पण शहरातल्या पोलिसी कथेत ते नको. तिथे ‘अंधार पडल्यावर’ पुरे.

क्रियापदही तपासा. इंग्रजीत ‘इट वॉज डार्क’ म्हणजे नुसतं ‘होतं’. मराठीत अंधार पडतो, दाटतो, आभाळ अंधारून येतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. ‘ते अंधारं होतं’ असं वाक्य तुमच्या हातून उतरलं असेल तर ते खोडा आणि ‘अंधार पडला होता’ लिहा.

रंग असेल तर

कापड, शाई, भिंत यांना गडद. झाडीला गर्द. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. साडीच्या दुकानात ‘जरा डार्कमध्ये दाखवा’ सगळेच म्हणतात, तेव्हा संवादात डार्क तसाच ठेवला तर बिघडत नाही.

माणसाच्या रंगाचा प्रश्न नाजूक आहे. ‘डार्क स्किन’ला सावळा लिहायचं की काळा? सावळा हा सुंदर शब्द आहे, विठ्ठलाचा आहे, पण लग्नाच्या जाहिरातींनी त्याला काळा न म्हणण्याची पळवाट करून टाकलं. मूळ लेखकाने थेट लिहिलं असेल तर तुम्हीही थेट काळा लिहा. आफ्रिकी किंवा अमेरिकी कृष्णवर्णीय पात्राला सावळा करणं म्हणजे लेखकाचं म्हणणं पुसणं, असं माझं मत.

माहिती किंवा सरळपणा नसेल तर

‘कीप समवन इन द डार्क’ला अंधारात ठेवणे हा वाक्प्रचार मराठीत पूर्ण मुरलेला आहे, बिनधास्त वापरा. ‘अ शॉट इन द डार्क’ला मात्र अंधार सोडून द्या, आपल्याकडे त्याला अंदाजपंचे म्हणतात. ‘डार्क सीक्रेट’ म्हणजे काळं गुपित नव्हे. संदर्भ बघून दडवलेलं पाप, काळं कृत्य किंवा नुसतं लपवलेलं सत्य.

‘डार्क हॉर्स’ शर्यतीच्या मैदानातून आला: कुणाला ठाऊक नसलेला घोडा. अमेरिकेत १८४४ साली जेम्स पोक यांना डेमोक्रॅटिक पक्षाने अनपेक्षितपणे अध्यक्षपदाची उमेदवारी दिली, आणि पुढे अशा उमेदवारांमुळे हा शब्द राजकारणाला चिकटला. याला काळा घोडा लिहिलंत तर मुंबईकर वाचक थेट फोर्टातल्या काळा घोडा भागात पोचेल. छुपा रुस्तम चालतो. गंभीर लेखात अनपेक्षित उमेदवार.

‘डार्क पॅटर्न’ हा नवा पाहुणा. संकेतस्थळावर तुम्हाला नको ते घ्यायला लावणारी रचना, म्हणजे आपोआप टोपलीत पडलेला विमा किंवा सापडतच नाही असं ‘रद्द करा’चं बटण. भारतात २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि असे १३ प्रकार नोंदवले. इथे अभाव उजेडाचा नाही, प्रामाणिकपणाचा आहे. म्हणून फसवी रचना.

आशा नसेल तर

‘डार्क डेज’ म्हणजे वाईट दिवस, ‘डार्क मूड’ म्हणजे खिन्न किंवा उदास मन. ‘डार्क ह्यूमर’ला काळा विनोद म्हणतात ते ठीक; मरणावर, आजारावर केलेला, हसताना घसा आवळणारा विनोद.

पारिभाषिक शब्दांना हात लावण्याआधी थांबा

‘डार्क मॅटर’ला मराठीत कृष्ण पदार्थ आणि ‘ब्लॅक होल’ला कृष्णविवर म्हणतात. दोन्हीकडे कृष्ण आल्याने शाळेतल्या मुलांना ती एकाच घरची वाटतात. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ साली कोमा या दीर्घिकासमूहातल्या दीर्घिकांचा (गॅलॅक्सींचा) वेग तपासून न दिसणाऱ्या वस्तुमानाची कल्पना मांडली. हा पदार्थ काळा नाही, तो प्रकाशाशी व्यवहारच करत नाही. रुळलेला शब्द बदलू नका, पण पहिल्यांदा येतो तिथे ‘म्हणजे न दिसणारा’ एवढं जोडा.

‘डार्क एजेस’ला तमोयुग आहे. त्याचा संबंध रोमन साम्राज्याच्या पाडावानंतरच्या पश्चिम युरोपशी आहे आणि आजचे बरेच इतिहासकार तो शब्दच टाळतात. भारतातल्या एखाद्या शतकाला तो सहज चिकटवू नये. डार्क चॉकलेट, डार्क मोड हे मात्र जसेच्या तसे राहू द्या. काळं चॉकलेट कुणी मागत नाही.

आता करून बघा

समजा मजकूर असा आहे: डार्क संध्याकाळ, डार्क कोट घातलेला माणूस, त्याचा डार्क चेहरा आणि त्याने बायकोला डार्कमध्ये ठेवलेलं कर्ज. चारही ठिकाणी अभाव वेगळा, आणि चेहऱ्याबाबत तर मागचापुढचा मजकूर बघूनच रंग की मन ते ठरेल. इथे मन धरू. ‘अंधारून आलं होतं. गडद कोटातला तो माणूस तोंड उतरवून बसला होता. कर्जाबद्दल त्याने बायकोला अंधारातच ठेवलं होतं.’ ‘अंधारून’ आणि ‘अंधारात’ जवळजवळ आल्याने कानाला खटकलं, तर शेवटचं वाक्य बदला: ‘कर्जाचा त्याने बायकोला पत्ताच लागू दिला नव्हता.’