सकाळी औषध पाजून आणलेलं मूल: पाळणाघराच्या कोविड-नियमांतल्या या चुका टाळा

साडेअकराला ताप चढतो. पाळणाघर चालवणाऱ्या कुणालाही विचारा, ही वेळ पाठ असते. सकाळी मूल सोडताना आई सांगते, "टीचर, रात्री जरा कोमट वाटत होतं, आता काही नाही." कपाळाला हात लावावा तर खरंच थंड. मूल थोडं खेळतं, पेज खातं आणि अकराच्या सुमाराला कोपऱ्यातल्या चटईवर जाऊन गप्प पडतं. थर्मामीटरवर १०१. घरातून निघताना पॅरासिटामॉल पाजलेलं असतं आणि त्याचा जोर चार ते सहा तासच टिकतो.

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या पाळणाघरात २०२२ च्या जानेवारीत, ओमायक्रॉनच्या लाटेत, आम्ही घाईघाईत नियमावली लिहून दारावर चिकटवली. दोन पानांतले निम्मे नियम महिनाभरात चुकीचे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, तेव्हा तो कागद मी काढून ठेवला. पण २०२५ च्या मे-जूनमध्ये देशात रुग्ण पुन्हा वाढले, पालकांचे फोन सुरू झाले आणि कागद पुन्हा बाहेर आला. या वेळी खोडून, दुरुस्त करून.

दारातला चुकीचा प्रश्न

"ताप आहे का?" असं विचारलं की उत्तर "नाही" असंच येतं, आणि त्या क्षणापुरतं ते खरंही असतं. विचारायचं ते असं: "काल संध्याकाळपासून कुठलं औषध दिलं? किती वाजता?" आणि नियम असा लिहायचा: औषध न देता पूर्ण २४ तास ताप नसेल तरच मूल आणा. "औषध न देता" हे शब्द ठळक अक्षरांत हवेत.

पण खरी गोम प्रश्नात नाही. कुंडईच्या कारखान्यात पाळीवर जाणारी आई आणि पर्वरीला सचिवालयात पोचायचं असलेला बाप, दोघांच्या रजा जुलैतच संपलेल्या असतात. त्यात आम्ही गैरहजर दिवसांचे पैसेही पूर्ण घ्यायचो. म्हणजे खरं बोलणाऱ्याला दुहेरी दंड, आणि गप्प राहणाऱ्याचा दिवस निभावून जातो. मग लोक लपवणारच. त्यांना दोष देऊन काय होणार? आम्ही नियम बदलला: सकाळी आठच्या आत आजारपण कळवलं तर पहिल्या पाच दिवसांची फी नाही. सुरुवातीला हिशेबाची वही बघून पोटात गोळा आला होता. पण सकाळी सातला फोन येऊ लागले, आणि साडेअकराचे ताप कमी झाले. ज्यांना एवढं परवडत नसेल त्यांनी निदान जेवणखाणाचे पैसे तरी वळते करावेत.

कपाळावरची बंदूक

आपल्याकडे मूल स्कूटरवर पुढे उभं राहून येतं. वारा लागून कपाळ गार पडतं, पावसात रेनकोटखाली घाम येतो, एप्रिलमध्ये उन्हाने तेच कपाळ तापतं. दारातच इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला की आकडा वाऱ्याचा येतो, मुलाचा नाही. घाम पुसा, दहा-पंधरा मिनिटं आत बसू द्या, मग मोजा. शंका वाटली तर काखेत साधा डिजिटल थर्मामीटर लावा. १००.४ अंश किंवा जास्त म्हणजे ताप. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा थोडा कमीच दाखवतो, त्यामुळे तिथे ९९.५ दिसलं आणि मूल मलूल असेल तर मी घरी फोन करते.

किट बरोबर, वाचन चूक

घरच्या घरी करायच्या चाचणीला भारतात पहिली परवानगी मे २०२१ मध्ये मिळाली, पुण्याच्या मायलॅबच्या कोविसेल्फला. नाकातला नमुना, पंधरा मिनिटांत निकाल. सोपी म्हणूनच चुका जास्त. पहिली साठवणीची: किटला २ ते ३० अंश सेल्सिअस लागतात आणि मे महिन्यात गाडीची डिकी त्याहून कितीतरी जास्त तापते. औषधांच्या दुकानातून घेतलेलं किट दिवसभर डिकीत ठेवून संध्याकाळी वापरलं, तर त्यावर विसंबता येत नाही. दुसरी वेळेची: पंधरा मिनिटांनी बघायचं, वीस मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरायची नाही. जेवून आल्यावर "आता दुसरी रेघ दिसतेय" असा फोटो मला किती वेळा आला असेल! उलट वेळेत दिसलेली रेघ कितीही फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच. किटवरच्या 'सी' (म्हणजे कंट्रोल) या खुणेजवळ रेघच नसेल तर चाचणी बाद.

सगळ्यात महाग पडते ती तिसरी. नाक वाहायला लागलं त्याच दिवशी चाचणी केली, निगेटिव्ह आली, मूल दुसऱ्या दिवशी हजर. पहिल्या दिवशी विषाणू किटला दिसण्याइतका नसतोही. लक्षणं असतील तर ४८ तासांनी पुन्हा करा, किंवा डॉक्टर सांगतील तशी आरटीपीसीआर करून घ्या. आणि दोन वर्षांखालच्या बाळावर घरचं किट वापरू नका, ते त्यांच्यासाठी नाही.

दिवस मोजण्याचा घोळ

इथे मात्र सावकाश वाचा, भांडणं इथेच होतात.

वर्तमानपत्रांनी दोन्हीला "विलगीकरण" म्हटलं आणि गोंधळ तिथून सुरू झाला. बाधित मुलाला वेगळं ठेवणं वेगळं, आणि बाधिताच्या संपर्कात आलेल्या पण अजून ठणठणीत मुलाला घरी ठेवणं, म्हणजे क्वारंटाइन, वेगळं. पहिल्याचे दिवस चाचणीपासून मोजतात, दुसऱ्याचे शेवटच्या संपर्कापासून. आमच्या पहिल्या नियमावलीत दोन्हींसाठी एकच ओळ होती: "सात दिवस घरी."

मग व्हायचं असं. थोरली बहीण शाळेतून कोविड घेऊन आली, सोमवारी चाचणी झाली. धाकटा आमच्याकडे. आई म्हणाली, "पुढच्या सोमवारनंतर आणते." पण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये धाकटा रोज रात्री बहिणीच्याच पांघरुणात. त्याचा संपर्क सोमवारी कुठे संपला? तो रोज नव्याने होत होता. बहिणीला खरंच वेगळं ठेवता आलं तर त्या दिवसापासून मोजा; नाहीतर तिचे दिवस संपले की धाकट्याचे सुरू. ही गोष्ट फोनवर समजावताना समोरून शांतता पसरते, आणि मला ती समजते.

चाचणीचा दिवस धरायचा की नाही, हा दुसरा वाद. तो दिवस शून्य. ५ जानेवारी २०२२ च्या केंद्राच्या सुधारित सूचनांप्रमाणे पॉझिटिव्ह आल्यापासून किमान सात दिवस, आणि शेवटचे सलग तीन दिवस ताप नको. म्हणजे सोमवार १० जानेवारीची चाचणी असेल तर मूल मंगळवार १८ ला यायचं. तेव्हापासून मी पालकांना "सात दिवस" असं लिहितच नाही, वार आणि तारीख लिहिते.

आज आम्ही काय करतो? बाधित मूल पाच दिवस घरी, आणि औषध न देता २४ तास ताप नसेल व तब्येत सुधारत असेल तरच परत. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, मार्च २०२४ मध्ये पाच दिवसांची सरसकट अट काढली, फक्त तापाची आणि सुधारणेची ठेवली. पण आमच्याकडे तान्ह्या बाळांची खोली आहे, म्हणून पाच दिवस मी सोडले नाहीत. ठणठणीत संपर्कातल्या मुलाला आता घरी बसवत नाही, फक्त लक्ष ठेवतो.

परतताना निगेटिव्ह अहवाल मागू नका. बरं झाल्यावरही विषाणूचे निर्जीव तुकडे आरटीपीसीआरमध्ये कित्येक आठवडे सापडू शकतात. एका मुलाला आम्ही या हट्टापायी तीन आठवडे बाहेर ठेवलं होतं. त्या आईची मी नंतर माफी मागितली.

दिवसभर वेगळे, संध्याकाळी एकत्र

आमचं पाळणाघर जुन्या घरात आहे, मधोमध राजांगण, म्हणजे आतलं उघडं अंगण. तीन गट, तीन खोल्या, कागदावर सगळं चोख. पण संध्याकाळी पाचनंतर उरलेली आठ-दहा मुलं एकाच खोलीत, आणि बाळांना भरवणारी बाई मोठ्यांच्या खोलीत बदली म्हणून. दिवसभराची शिस्त शेवटच्या तासात पाण्यात. आता उशिरापर्यंत थांबणारी मुलं राजांगणाच्या कडेला पडवीत बसतात, पाऊस असला तरी. एसीची बंद खोली फक्त झोपेच्या वेळी, तीही एक खिडकी किलकिली ठेवून. पाच वर्षांखालच्या मुलांना मास्क लावण्याचा नाद आम्ही सोडला. केंद्रानेही त्या वयासाठी मास्कची शिफारस केलेली नव्हती, आणि मुलं ते एकमेकांशी बदलत होती.

आजीकडे पाठवणं

कोविडमुळे एखाद्या गटाची खोली बंद झाली की मूल लगेच सांग्याला किंवा पेडण्याला आजी-आजोबांकडे रवाना होतं. विषाणू पोचवायला याहून सरळ रस्ता नाही. पालकांना पर्याय नसतो हे मान्य, पण निदान पहिले पाच दिवस तरी आळीपाळीने रजा काढता आली तर बघा. चवथीनंतरचा, म्हणजे गणेशचतुर्थीनंतरचा, पहिला आठवडा आमच्यासाठी असाच असतो: सगळे गावच्या घरी जाऊन, एका माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीखाली) बसून आलेले. तेव्हा दारातला प्रश्न आम्ही थोडा लांबवतो.

ग्रुपवरचं नाव

"अमक्याच्या घरी कोविड आहे" हा व्हॉट्सॲप संदेश एकदा गेला आणि ते कुटुंब दोन महिने आमच्याशी बोललं नाही. आता एवढंच जातं: "मधल्या खोलीतल्या एका मुलाला कोविड झाल्याचं कळलं आहे. शेवटचा संपर्क गुरुवारी. मंगळवारपर्यंत ताप, खोकला, उलटी-जुलाब यांवर लक्ष ठेवा आणि काही दिसलं तर मूल न आणता फोन करा." नाव नाही, वय नाही. लोक अंदाज बांधतातच, पण तो आमच्या तोंडून नाही.

"कोविड नाही ना, मग आणतो"

निगेटिव्ह किट म्हणजे पाळणाघराचा पास नव्हे. पावसाळ्यात गोव्यात डेंग्यू असतो. हात-पाय-तोंडाचे फोड येणारा आजार तर एका खेळण्यावरून अख्ख्या खोलीत पसरतो. ताप कशाचाही असो, २४ तासांचा नियम तोच.

आणि एक मोजमाप प्रत्येक आईबापाला यायला हवं. मूल शांत असताना किंवा झोपेत असताना मोबाइलवर एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, यांपैकी काही दिसलं, छाती आत ओढली जात असेल, किंवा मूल पीत-खात नसेल, तर चाचणीची वाट बघू नका. म्हापशाचं आझिलो रुग्णालय, बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), जे जवळ असेल तिकडे निघा, नाहीतर १०८ ला फोन लावा.