वावरात नेण्याचा जपानी चहा
पुतण्यानं नागपूरहून जपानी ग्रीन टीची बाटली अन् सेंचा या जपानी हिरव्या चहाची सुटी पत्ती, दोन्ही आणलं. बाटलीतला चहा बिनसाखरेचा. रंग-चव बिघडू नये म्हणून त्यात क जीवनसत्त्व घालतात. सोयीचा आहे, पण वास पत्तीचाच खरा.

पत्तीवर उकळतं पाणी ओतू नका, चहा कडू होतो. गंजातलं पाणी आधी एका पेल्यात, मग दुसऱ्यात ओता. दर खेपेला साधारण १० अंश उतरतं. ७०-८० अंशाला आलं की चमचाभर पत्ती, एक मिनिट, अन् शेवटच्या थेंबापर्यंत गाळा. सुईसारखी पत्ती उलगडते, कोवळ्या पालकासारखा वास सुटतो. दूध नकोच. तीच पत्ती दुसऱ्यांदाही चालते.

मे महिन्यात मी लिटरभर गार पाण्यात १० ग्रॅम पत्ती रात्री फ्रिजात ठेवतो. पहाटे गाळून, त्याच रिकाम्या बाटलीत भरून नांगरटीवर नेतो.